‘हिला कशाचीच आवड नाही हो, मॅडम’

दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील ठाणे शहरात माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतात ते बहुतेक दोनपैकी एक काळजी घेऊन. एक म्हणजे, मुलाने काहीतरी ठरवलंय आणि घरच्यांना ते पटत नाही. दुसरी अलीकडे जास्त ऐकू येते: मुलाला कशाचीच आवड नाही, मग साइड कुठली घ्यायची? पहिल्या घरात निदान भांडायला काहीतरी असतं. दुसऱ्या घरात सगळेच हवालदिल असतात आणि मूल सगळ्यांत जास्त. हा अनुभव अशाच एका घरचा. मुलीचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

सायली अकरावीची परीक्षा देऊन आली होती. घर वर्तकनगरच्या बाजूला, वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर, आई पतपेढीत नोकरीला. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून सायन्स घेतलं, अकरावीत गुण घसरले. आता बारावीच्या क्लासची भलीमोठी फी भरायची होती आणि त्याआधी इंजिनिअरिंग की आणखी काही, हे ठरायला हवं होतं.

“चित्रकला लावली, सोडली. कथक लावलं, सोडलं. गिटार तर माळ्यावर पडलीय. हिला कशाचीच आवड नाही हो, मॅडम,” आई म्हणाली. सायली बॅगेची चेन उघडझाक करत बसली होती. “खरंच नाही,” तीही म्हणाली. “मैत्रिणींचं सगळ्यांचं ठरलंय. मलाच काही सापडत नाही.”

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘तुला काय आवडतं?’ असं मी पहिल्याच भेटीत विचारत नाही. त्यांना वाटतं, उत्तर भारदस्त हवं, लोकांना सांगता येईल असं हवं. मग ते एकतर सुचेल ते ठोकून देतात, नाहीतर गप्प बसतात. त्यापेक्षा मी विचारते, की कोणी सांगितलेलं नसताना गेल्या आठवड्यात तू काय करत बसलास, कशावरून घरी बोलणी खाल्लीस, आणि माणसं तुझ्याकडे काय विचारायला येतात. शेवटच्या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. आपल्याला सहज जमतं ते आपल्या लक्षातच येत नाही, पण शेजारपाजारच्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

सायलीच्या आधी आईनेच उत्तर दिलं. “हिला कोण काय विचारणार? फार तर लोकल गाड्यांचं. रविवारी कुठे जायचं असलं की सगळे नातेवाईक हिला फोन करतात, मेगाब्लॉक कुठे आहे म्हणून. तेवढ्यातच डोकं चालतं.”

सायलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “तेवढ्यात म्हणजे काय, आई? मागे मावशीकडे कांजूरमार्गला निघाला होतात, तेव्हा मीच थांबवलं ना?” आणि मग मला समजावून सांगायला लागली. माटुंगा ते मुलुंड स्लो लाइनवर ब्लॉक असला, म्हणजे दुरुस्तीसाठी तो मार्ग बंद ठेवला, की स्लो गाड्या फास्टच्या रुळांवरून नेतात. त्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडला थांबतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला फास्टच्या बाजूला थांबायची सोय नाही, म्हणजे तिथल्या माणसांनी पुढच्या नाहीतर मागच्या स्टेशनावर उतरायचं. “आणि सगळ्या गाड्या एकाच रुळावर आल्या की मागच्या गाडीला किती उशीर होणार, ते काढता येतं,” ती म्हणाली.

“काढता येतं म्हणजे? तू काढतेस?”

“वही आहे माझी.”

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. नेहमीची लाँगबुक, कडा मुडपलेल्या. नववीत असताना, 2022 च्या फेब्रुवारीत, ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी 72 तासांचा जंबो ब्लॉक झाला होता. वही तिथून सुरू झाली होती. डावीकडे ब्लॉकची वेळ, मग रद्द होणाऱ्या गाड्या, मग ठाण्याला किती उशीर होईल याचा तिचा अंदाज, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्यक्ष झालेला उशीर. तो ती प्रवासात असलेल्या मैत्रिणींकडून आणि काकांकडून मेसेजवर मागवायची. अंदाज चुकला तिथे लाल पेनाने कारण लिहिलेलं: ‘लांब पल्ल्याची गाडी मध्ये घेतली’, ‘पाऊस’, आणि काही ठिकाणी नुसतं ‘का?’. हा ‘का?’ काही पानांनंतर खोडून तिथे उत्तर लिहिलेलं सापडलं, तेव्हा मी वही आईच्या हातात दिली. एकाच घरात राहून आईने ती कधी उघडलेली नव्हती. सायलीनेही ती कोणाला दाखवण्यासारखी गोष्ट आहे असं मानलं नव्हतं.

वडिलांचा चेहरा उजळला. “म्हणजे रेल्वेची आवड! मग भरतीची तयारी करू दे की.” आईचं माहेर साताऱ्याचं. तिला लगेच सुरेखा यादव आठवल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्यांच्याच जिल्ह्यातल्या.

इथे मला त्यांना जरा थांबवावं लागलं. गाडी चालवायची तर वाट सहायक लोको पायलटच्या भरतीतून जाते. त्याला दहावीनंतर आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो आणि दृष्टीची अट फार कडक असते, चष्म्याशिवाय 6/6. सायलीला चष्मा होता, त्यामुळे तो रस्ता तसाही बंद होता. पण माझा मुद्दा वेगळा होता. मी तिला विचारलं, लोकलची मोटर चालते कशी? तिने खांदे उडवले. कधी बघावंसं वाटलं? नाही. गाडीत तिला रस नव्हताच. बरंच काही एकाच जागेतून न्यायचंय, जागा अपुरी आहे, मग कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला थांबवायचं, या कोड्यात ती रमत होती.

आवड विषयाच्या नावात शोधली की फसगत होते ती अशी. क्रिकेटवेडी दहा मुलं घेतली तर एकाला आकडेवारी तोंडपाठ असते, एकजण खेळपट्टीबद्दल बोलत राहतो, एकाला समालोचनाची नक्कल करायची असते आणि एकजण सोसायटीच्या स्पर्धेची वर्गणी, टीम, टेनिस बॉल सगळं न सांगता जमवतो. सगळ्यांची आवड ‘क्रिकेट’ म्हणून लिहिली तर चौघांनाही चुकीचा सल्ला मिळेल.

मी तिची आवड-चाचणीही घेतली. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेली, कामाच्या आवडींच्या सहा गटांची कल्पना असते. सायलीचे गुण शोधक वृत्ती आणि नियमबद्ध, आकड्यांचं काम या दोन गटांत वर आले. आईला चाचण्यांवर विश्वास नव्हता. राज्य मंडळ 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायचं, तेव्हा भाच्याचा कल ललितकलेकडे निघाला होता आणि तो आता बँकेत आहे. मी म्हटलं, चाचणी दिशा दाखवते, नोकरीचं नाव सांगत नाही. तुमचा भाचा बँकेत राहून काय करतो, तेही कधीतरी विचारा. (विचारल्यावर कळलं, शाखेतल्या दिवाळीच्या रांगोळ्या आणि सजावट त्याच्याकडेच असते. त्यात मला काही वाईट वाटत नाही. प्रत्येक आवडीने पोट भरायलाच हवं असं नाही.)

पण कागदावर टिक करून आवड पक्की होत नाही, हात लावून बघावा लागतो. क्लास सुरू व्हायच्या आत तिने सुट्टीत तीन गोष्टी करायच्या, असं आम्ही ठरवलं. वडिलांच्या कारखान्यातल्या मशीन शॉपमध्ये एक दिवस बसायचं. तीन हात नाक्यावर सकाळच्या गर्दीत उभं राहून कुठल्या रस्त्याने किती रिक्षा, बस, दुचाक्या येतात ते मोजायचं. आणि ओळखीतले एक निवृत्त वाहतूक नियंत्रक होते, त्यांच्याकडून एसटीच्या फेऱ्या आणि चालक-वाहकांच्या ड्यूट्या कशा लावतात ते समजून घ्यायचं. दर वेळी घरी आल्यावर लिहायचं: कधी घड्याळाकडे बघितलंस, कधी बघायचं विसरलीस, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात काय राहिलं.

मशीन शॉपबद्दल चार ओळी होत्या. तीन हात नाक्याबद्दल तिने लिहिलं, ‘मोजताना प्रचंड कंटाळा. घरी तक्ता केल्यावर मजा आली, पुन्हा जाऊन मोजावंसं वाटलं.’ हे वाक्य मला मोलाचं वाटतं. कंटाळा आला म्हणजे आवड नाही, असं मुलं समजतात. गिटार माळ्यावर जाते ती बहुतेक याच कारणाने. पण पुढे काहीतरी बघायचंय म्हणून आधीचा कंटाळा सोसायला मूल आपणहून तयार झालं, की तिथे थांबून नीट बघावं. नियंत्रक काकांकडे ती दुपारी गेली आणि दिवेलागणीला आईला फोन करून बोलवावं लागलं. एक चालक आजारी पडला तर चार फेऱ्या कशा सावरायच्या, यावर दोघं अडून बसले होते.

मग मुख्य प्रश्न आला, वडिलांचा. “यात नोकरी कुठे आहे?” तो विचारायलाच हवा होता. अशा डोक्याला जागा बऱ्याच आहेत. बी. प्लॅनिंग हा शहर नियोजनाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. जेईई मेनचा पेपर 2ब त्यासाठीच असतो, त्यात गणित, कल आणि नियोजनाचे प्रश्न येतात. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे. वडोदऱ्याला गती शक्ती विश्वविद्यालय आहे, खास वाहतूक आणि लॉजिस्टिक्ससाठी. घराजवळ राहायचं तर बी.एस्सी. संख्याशास्त्र करून पुढे ऑपरेशन्स रिसर्चकडे, म्हणजे अपुऱ्या साधनांत काम कसं बसवायचं ते गणिताने काढण्याच्या शास्त्राकडे, जाता येतं. विमान कंपन्या, कुरिअर, गोदामं, सगळीकडे ते काम असतं. नवी मुंबई वसवायला 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 1975 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या नियोजनासाठी एमएमआरडीए आली. रस्ता कुठून न्यायचा, स्टेशन कुठे ठेवायचं, हे ठरवणारी माणसं तिथे पगारावरच असतात, असं मी वडिलांना सांगितलं. लगेच कुठे नोकरीची ऑर्डर मिळेल अशी खात्री मात्र दिली नाही. सरकारी जागांच्या जाहिराती वेळेवर निघतातच असं नाही आणि खासगी सल्लागार संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही त्याच बैठकीत बोललो. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

इंजिनिअरिंगचा मोठा क्लास त्यांनी लावला नाही. गणितासाठी शिकवणी लावली, कारण कुठलीही वाट धरली तरी गणित लागणारच होतं. जानेवारीत तिने पेपर 2ब दिला, पुढे सीईटीही दिली, म्हणजे एक दार मिटलं तर दुसरं उघडं असावं.

सायली आता बी. प्लॅनिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. ड्रॉइंगच्या शीट्सनी जीव नकोसा केलाय, असं मध्यंतरी फोनवर सांगत होती. चित्रकला अर्ध्यात सोडल्याचं आता अंगावर येतंय. पहिल्या सर्व्हेला मात्र तिच्या गटाने तिलाच पुढे केलं. तिथल्या बसथांब्यावर उभं राहून कुठली बस किती उशिरा येते ते मोजायचं होतं.