लातूरला अंथरुणावर असलेल्या वडिलांसाठी केअर सेंटर बघतोय, नेमकं काय तपासावं?

आधी एक करा, फोन न करता जा. तेही रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला. दिवसा ऑफिसातला माणूस चहा पाजून सगळं चकाचक दाखवतोच. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं जागी आहेत, ते मोजा.

माझ्या आत्याला आम्ही ठेवलं होतं तिथं फरशी आरशासारखी, पण तिच्या माकडहाडावर जखम झालेली आम्हाला पंधरा दिवसांनी कळली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याची नोंदवही मागा. सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या दिसल्या तर समजून जा. टाचा आणि पाठ दाखवा म्हणावं, लाजू नका.

मग पाणी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये टँकर कितीदा येतो आणि टाकी कधी धुतली, हे विचाराच. इन्व्हर्टरवर पंखे चालतात का, तेही बघा. चाळीस-बेचाळीस डिग्रीत म्हातारं माणूस तहान लागली तरी सांगत नाही.

जिन्यात गाद्या रचल्यात का, मागचं दार कुलपात आहे का? फायरचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला नव्यानं द्यावं लागतं, ताजं मागा.

डिपॉझिट परत कधी मिळणार, ते लेखी घ्या. पुढं काही खटकलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फुकट आहे.