वाचकांचे प्रश्न : विमानाचा पंखा, पिच आणि इंजिनाचे फेरे

प्रश्न : बिरसी विमानतळाजवळच्या आमच्या गावावरून प्रशिक्षणाची छोटी विमाने जात असतात. मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला 8000 फेरे सहज घेते, मग छोट्या विमानाचे इंजिन 2700 वरच का अडवतात? पंख्याचा पिच वाढवला तर विमान अधिक वेगाने जाणार नाही का? आणि मे महिन्यातल्या उन्हात त्याच विमानाला वर चढायला वेळ का लागतो?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : फेऱ्यांवरची ही मर्यादा मुख्यतः इंजिनामुळे नव्हे, तर पंख्याच्या टोकामुळे येते. सेस्ना 172 एस या विमानाचा पंखा 76 इंच व्यासाचा असून तो थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला असतो. 2700 फेऱ्यांना त्याचे टोक सेकंदाला सुमारे 273 मीटर वेगाने फिरते. ध्वनीचा वेग साधारण 340 मीटर आहे. हाच पंखा 4000 फेऱ्यांनी फिरवला, तर टोक ध्वनीच्या पुढे जाईल, कानठळ्या बसवणारा आवाज होईल आणि इंजिनाची बरीचशी ताकद पुढे ओढण्याऐवजी हवेतल्या आघात-तरंगांत (ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या वस्तूमुळे हवेत उठणाऱ्या दाबाच्या लाटांत) वाया जाईल. म्हणून एक तर मोठ्या घनफळाचे, संथ फिरणारे इंजिन घ्यावे लागते किंवा लहान, वेगवान इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअरबॉक्स बसवावी लागते. रोटॅक्स 912 यूएलएस हे 100 अश्वशक्तीचे इंजिन 5800 फेऱ्यांपर्यंत जाते, पण 2.43 पट घट करणाऱ्या गिअरबॉक्समुळे पंख्याला जेमतेम 2390 फेरेच मिळतात.

पिच म्हणजे हवा मुळीच न सरकता पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता तेवढे अंतर. ते वाढवले की वेग वाढेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. धानाच्या बांधीत चिखलणी करताना वरचा गिअर टाकला तर ट्रॅक्टर वेगाने पळत नाही, इंजिन दबते. जास्त पिचच्या पंख्याने उड्डाणाच्या वेळी नेमके हेच होते. इंजिनाचे फेरे चढत नाहीत, आणि फेरे नाहीत म्हणजे पूर्ण अश्वशक्तीही नाही. उलट पिच फार कमी ठेवला तर विमान चढते छान, पण सरळ उड्डाणात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण उघडताच फेरे मापकावरच्या कमाल मर्यादेच्या तांबड्या रेषेपलीकडे जातात आणि वैमानिकाला हात आखडता घ्यावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सेस्नाच्याच घरात आहे. 172 आर आणि 172 एस या दोन्ही विमानांत लायकॉमिंग कंपनीचे आयओ-360-एल2ए हेच इंजिन असते. आर विमानाला 75 इंच व्यासाचा, 70 इंच पिचचा पंखा असून फेऱ्यांची मर्यादा 2400 आहे, त्यामुळे त्याची नोंद 160 अश्वशक्ती अशी होते. एस विमानाला 76 इंच व्यासाचा आणि 60 इंच पिचचा पंखा देऊन मर्यादा 2700 केली आणि तेच इंजिन 180 अश्वशक्तीचे ठरले. मात्र धावपट्टीच्या टोकाशी ब्रेक लावून पूर्ण थ्रॉटल दिल्यास एस विमानाच्या फेरे दाखवणाऱ्या मापकाचा काटाही 2300 ते 2400 दरम्यानच थांबतो. उभ्या विमानात पाती हवेला अधिक तिरपी भिडतात, त्यामुळे भार जास्त असतो. वेग आला की तो हलका होतो आणि फेरे वाढतात. काटा या पट्ट्याच्या खाली राहिला तर इंजिनात किंवा पंख्यात दोष आहे असे समजून उड्डाण थांबवायचे असते.

आता उन्हाविषयी. गोंदियाचा हा बिरसी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे, पण पारा 45 अंशांवर गेला की तिथली विरळ हवा साधारण 4800 फुटांवरच्या (सुमारे 1460 मीटर) प्रमाण, म्हणजे सरासरी धरलेल्या हवेसारखी वागते आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाची ताकद दहा टक्क्यांहून अधिक घटते. यात एक फसवी बाब आहे. हवा विरळ झाल्याने इंजिनाचा जोर कमी होतो, तसाच पंख्यावरचा भारही कमी होतो, म्हणून फेऱ्यांचा काटा जवळजवळ नेहमीच्याच जागी दिसतो. फेरे तेवढेच, ओढ मात्र कमी. नवख्या वैमानिकाने केवळ काट्यावर विसंबू नये ते यासाठीच. धावपट्टी किती लागेल हे तापमान आणि वजन धरून विमानाच्या पुस्तिकेतील तक्त्यावरून काढावे लागते.

काही विमानांत थ्रॉटलशेजारी निळ्या मुठीचा आणखी एक दांडा असतो. तो गव्हर्नरला, म्हणजे फेरे आपोआप राखणाऱ्या यंत्रणेला, फेऱ्यांचा आकडा ठरवून देतो आणि गव्हर्नर इंजिन तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलून तो आकडा राखतो. उड्डाणाला कमी पिच आणि प्रवासाला जास्त, अशी दोन्ही कामे त्यामुळे एकाच पंख्याकडून होतात. पण किंमत, वजन आणि देखभाल वाढते आणि विरळ हवा घट्ट करणे त्यालाही जमत नाही. पंखा मनाप्रमाणे बदलण्याची मुभा कोणालाच नसते. विमानाच्या प्रकार-प्रमाणपत्रात (त्या मॉडेलला मिळालेल्या अधिकृत मंजुरीत) किंवा मंजूर फेरबदलात नोंदलेलाच पंखा लावावा लागतो. तेव्हा मे महिन्यात इंधन आणि सामान बेताचे ठेवून उन्हं चढण्यापूर्वी उड्डाण उरकणे, हाच उपाय उरतो.