सायलेन्सरच्या उष्णतेवर गाडीचा एसी चालेल का?

सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीमुळे पेट्रोल जास्त जाते, तर सायलेन्सरच्या उष्णतेतून वीज करून तो चालवता येईल का, असे आपण विचारले आहे. वीज नक्की मिळते, मात्र एसीला पुरेल इतकी नाही.

पेट्रोलमधील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर बाहेर जाते. दोन भिन्न अर्धवाहकांच्या जोडाची एक बाजू तापवली आणि दुसरी थंड ठेवली की विद्युतदाब निर्माण होतो, हे तत्त्व 1821 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांनी दाखवलेल्या परिणामावर आधारलेले आहे. अशा जोडांची, बाजारात सहज मिळणारी बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाची पट्टी साधारण 250 अंशांपर्यंतच टिकते आणि आलेल्या उष्णतेपैकी जेमतेम पाच टक्के विजेत बदलते. म्हणजे पुणे महामार्गावर एका लयीत धावणाऱ्या गाडीच्या धुरातून पाच किलोवॅट उष्णता पट्टीपर्यंत पोहोचली, तरी हाती सुमारे 250 वॅट येतात. एसीच्या कॉम्प्रेसरला किलोवॅटच्या पुढे लागते.

खरी अडचण थंड बाजूची आहे, कारण बाहेर 42 अंश असताना तिच्यासाठी रेडिएटरवर जास्तीचा भार पडतो. शिवाय धुराच्या वाटेत अडथळा आला की इंजिनावर उलट दाब वाढतो. शहरातल्या शहरात सात रस्ता ते नवी पेठ एवढ्याच फेऱ्या असतील, तर यंत्रणा नीट तापण्याआधीच प्रवास संपेल. म्हणून घरच्या गाडीत हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) भार हलका करण्यासाठी मात्र हा प्रयोग मनापासून करून पाहण्यासारखा आहे. पट्टी बसवायचीच असेल, तर ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) पुढे, सायलेन्सरच्या बाजूला बसवावी, कारण कन्व्हर्टरला स्वतःच्या कामासाठी ती उष्णता लागते.