गरोदरपणी ट्रॅमाडॉलची सवय लागली, बाळाच्या मेंदूला कायमचा धोका आहे का?

सोलापूरच्या तुमच्या वहिनी पाठदुखीसाठी शेवटपर्यंत ट्रॅमाडॉल घेत होत्या, म्हणून सांगतो. ही गोळी अफूच्याच जातकुळीतली. वारेतून बाळापर्यंत पोचते आणि जन्मानंतर पुरवठा एकदम तुटतो. मग बहुधा पहिल्या तीन दिवसांत हातपाय थरथरणं, चिरका आवाज काढून रडणं, सारख्या शिंका, दूध नीट न ओढणं असं दिसतं. कधी आठवडाही लागतो, त्यामुळे घरी जायची घाई नको. मंद उजेड, शांतता, आईच्या उघड्या छातीशी धरणं यानं बरीच बाळं निवतात. काहींना औषध लागतं.

मेंदूचं म्हणाल तर अशा काही बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूचे काही भाग सरासरीपेक्षा लहान दिसलेत. पण त्यात तंबाखू, कुपोषण, अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा वाटा वेगळा काढणं अवघड. आपल्याकडे विडी वळणाऱ्या घरांतली मिश्री कोणी नशेत धरतच नाही, डॉक्टरांनाही सांगत नाही! निकोटिनही वारेतून जातंच.

मान धरणं, बसणं, बोलणं यांची तपासणी दोन-तीन वर्षं चालू ठेवा. उशीर वाटला तर सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि उपचार होतात तिथे, दाखवा. आणि दुसरी कोणी गरोदर असताना अशा गोळ्या घेत असेल, तर तिनं मनानं एकदम बंद करू नयेत. डॉक्टर हळूहळू कमी करतात.