अनन्य विक्रीच्या करारावर सही करण्यापूर्वी ‘आधारित साहित्य’ ही व्याख्या वाचा

आपण लिहिले आहे की दोन वर्षे खपून पूर्णपणे स्वतःच्या मेशवर (मॉडेलचा पृष्ठभाग घडवणाऱ्या जाळीवर) एका स्त्री-पात्राचे त्रिमितीय संगणकीय मॉडेल उभे केले, पण त्यासाठी कपडे आणि केस बनवायला कोणी पुढे येत नाही. अशात एका मोठ्या दुकानाने जास्त वाट्याच्या बदल्यात अनन्य विक्रीचा, म्हणजे माल फक्त त्यांच्याकडेच विकण्याचा, करार देऊ केला आहे आणि सही करावी की नाही हे ठरत नाही. नेमक्या याच वळणावर मीही उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते. मेश, रिग (मॉडेल हलवणारा हाडांचा सांगाडा), यूव्ही (पृष्ठभागावर चित्र बसवण्याचा नकाशा) यांविषयी आपल्याला काही सांगण्याची गरज दिसत नाही.

या बाजारात केवळ देखण्या मॉडेलच्या जोरावर टिकता येत नाही. डॅझ या कंपनीने 2012 मध्ये आपल्या ‘स्टुडिओ’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरची प्रो आवृत्ती फुकट केली, बेस मॉडेलही (ज्यावर पात्रे आणि कपडे चढवतात ते मूळ शरीर) त्यासोबत फुकट मिळते, आणि कमाई होते ती पात्रे, कपडे, केस आणि पोझ विकून. म्हणजे आपल्या मॉडेलची गाठ एका फुकट मॉडेलशी आहे आणि त्याच्यामागे असंख्य स्वतंत्र कलाकारांनी वर्षानुवर्षे भरलेले कपाट आहे. डॅझच्या या बेस मॉडेलचे नाव जेनेसिस; जेनेसिस 8 नंतर (2017) जेनेसिस 9 आले (2022), तेव्हा जुने कपडे नव्या शरीरावर बसवण्याची खटपट डॅझच्या ग्राहकांनाही करावी लागली. स्वतंत्र मॉडेलला शिरकाव मिळतो तो साधारण अशाच संधिकाळात. मात्र त्या वेळी आपल्यामागे दहा-बारा जोड तरी कपडे तयार हवेत आणि ते एकट्याने होत नाहीत.

माझी चूक इथेच झाली. करारातला टक्केवारीचा भाग मी तीनदा वाचला आणि ‘मॉडेल व त्यावर आधारित सर्व साहित्य’ ही ओळ ठरावीक मजकूर समजून सोडून दिली. माझ्या मॉडेलसाठी चार जण कपडे बनवत होते. मापे जुळावीत म्हणून मी त्यांना रिगसह बेस मेश दिला होता आणि ते आपला माल दोन-तीन दुकानांत ठेवत. सही झाल्यावर महिन्याभरात दुकानाने कळवले की त्यांचे कपडेही ‘आधारित साहित्य’ ठरतात, तेव्हा ते इतरत्र विकता येणार नाहीत. त्या चौघांनी कशावरही सही केलेली नव्हती; माझ्या एका सहीने त्यांची गिऱ्हाइके तुटणार होती. तिघांनी काम थांबवले, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

विक्रेत्यांसाठीच्या मदत विभागाला मी अगदी नेमके विचारले: शर्टाच्या फाइलमध्ये माझ्या मॉडेलचा एकही पॉलिगॉन (मेशमधला एक तुकडा) नाही, त्यात कलाकाराचा स्वतःचा मेश, त्याचे वेट मॅप (कोणत्या हाडासोबत कापड किती हलेल याची नोंद) आणि माझ्या रिगमधल्या हाडांची नावे एवढेच आहे, हाडांची नावे जुळली म्हणून शर्ट माझ्या मॉडेलवर आधारित ठरतो का? उत्तर आले, ‘कृपया आपला करार पाहावा.’ पाच महिन्यांत सात पत्रे लिहिली आणि सातही वेळा तेच वाक्य आले, फक्त खालचे नाव बदलत गेले. करार संपवण्याची सूचना देऊनही अनन्यतेची अट पुढे वर्षभर लागू होती. त्या वर्षी मी खांद्याचे दुरुस्ती-मॉर्फ (सांधा वाकल्यावर आकार सावरणारे बदल) सुधारत बसले, हात नव्वद अंशांवर नेला तरी काखेत घडी पडेनाशी झाली, पण त्या मॉडेलसाठी कपडे बनवणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. त्या विभागाची आठवण झाली की आजही संताप येतो, कारण एका स्पष्ट उत्तराने, मग ते नकाराचे का असेना, आम्हा पाच जणांचा वेळ वाचला असता.

मी वकील नाही, आणि आपल्या करारातील शब्द वेगळे असू शकतात. तरीही माझे मत ठाम आहे की नव्या मॉडेलसाठी अनन्यता घेऊच नये. घ्यायचीच असेल तर ती स्वतःच्या एखाद्या पात्रापुरती किंवा टेक्स्चरच्या (त्वचा, कापड यांच्या पृष्ठचित्रांच्या) संचापुरती घ्यावी, बेस मॉडेलला तिचा स्पर्श होऊ देऊ नये. वाढीव वाट्याला भुलण्याचेही कारण नाही; एपिक गेम्स कंपनीच्या फॅब या ऑनलाइन बाजारावर विक्रेत्याला 88 टक्के मिळतात, त्यामुळे आपल्याला देऊ केलेला आकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा. कपडे बनवणाऱ्यांना दिला जाणारा मेश आणि रिग वेगळ्या, फुकट परवान्याखाली सहीच्या आधीच जाहीर करावा, आणि त्यावर बनलेला माल बनवणाऱ्याने कुठेही विकावा असे त्यात शब्दशः लिहावे. व्हीआरएम या, आभासी जगातल्या पात्रांसाठीच्या फाइल-स्वरूपातही मॉडेल काढून ठेवल्यास ग्राहकांचा एक वेगळाच वर्ग मिळू शकतो, पण तो कपड्यांच्या प्रश्नाला पर्याय नव्हे.

अनन्यतेचे कलम, त्यातील व्याख्या आणि करार संपल्यानंतरची मुदत हे तीन भाग रकमा वगळून जसेच्या तसे उतरवून दिलेत, तर मी वाचून माझ्या कराराशी ताडून पाहीन. तोवर त्या दुकानाला बेस मेश पाठवू नका.