जुनी आलिशान सेडान घेताना

किंमत बघून भुलू नकोस. गाडी स्वस्त झाली तरी तिचे सुटे भाग महागच राहतात. १९९८ साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लाससारखी एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली गाडी असेल, तर ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांग आणि सकाळी जाऊन बघ. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला की समज, हवा गळतेय. ती गळती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसरही जातो. इंजिन थंड असतानाच चालू कर. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर मी दुसऱ्या दिवशी परत जातो. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर चालतं’ म्हणतील. ऐकू नकोस, बदलल्याचं बिल माग. सर्व्हिसच्या नोंदी नसलेली चकचकीत गाडी खुशाल सोडून दे. आणि सगळे पैसे खरेदीतच घालू नकोस रे, पहिल्याच वर्षी दुरुस्तीला लागतील.