दळवी वाचायला घेतोयस, तर आधी एवढं कर

तुझ्या गटाला जयवंत दळवींचं काही करायचंय, चांगलं आहे. पण एकदम तीन अंकी नाटकाला हात घालू नकोस. सोलापुरातल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या भाड्यातच पोरांचा उत्साह संपेल. आधी अभिवाचन कर. चार खुर्च्या, दोन माईक, तासाभराचा मजकूर.

‘अंधाराच्या पारंब्या’ ही कादंबरी आणि तिच्यावरून दळवींनीच लिहिलेलं ‘बॅरिस्टर’ शेजारी ठेवून वाच. कादंबरीतलं काय त्यांनी नाटकात सोडलं, कुठे निवेदन मोडून संवाद केला, ते पेन्सिलीने खुणा करत बघ. कार्यशाळेत पैसे भरून हे मिळत नाही (मिळतं म्हणणारे भेटतील). मग कादंबरीतला एक तुकडा आणि नाटकातला तोच प्रसंग लागोपाठ वाचा. ऐकणारा घरी जाऊन पुस्तक शोधतो तो अशाने.

सोलापुरात पहिलं वाचन मात्र दळवींच्याच ‘संध्याछाया’ नाटकाचं ठेवावंस असं मला वाटतं. मुलं लांब गेलेलं म्हातारं जोडपं. इथे दर दुसऱ्या घरातलं पोरगं पुण्याला आहे, समजावून सांगावं लागणार नाही. पूर्व भागात वाचलंस तर घरी तेलुगू बोलणारे प्रेक्षकही येतील. त्यांना मराठी छान कळतं, फक्त वाचनाची घाई करू नका.

आणि परवानगी. दळवी १९९४ साली गेले, म्हणजे हक्क २०५४ अखेरपर्यंत वारसांकडे. तिकीट नसलं तरी लेखी विचार. प्रकाशकाकडून पत्ता मिळतो.